किलोवर का नगावर?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत नव्या मालाचं कुणाला फारसं कौतुक नाही. चादरी, टॉवेल विणून झाले की गठ्ठे टेम्पोत चढतात आणि मुंबईला, नाहीतर त्याहून लांब कुठेतरी निघून जातात. इथे मुक्कामाला राहतं ते भंगार. कारखान्यांच्या रांगा विरळ होतात आणि पत्र्याच्या शेडा सुरू होतात, तिथे त्याचे ढीग आहेत. मोडक्या मागांचे पाय, धोटे, बॉबिनी, जळालेल्या मोटारी, स्वतःच भंगारात निघालेले वजनकाटे. हे सगळं चिवडत गेलं की तळाशी कुठेतरी एक टाइपरायटर असतो. त्याच्यावर कोणीतरी बसून चहा पीत असतं. बसायला तो फारसा सोयीचा नाही, पण स्टुलाला पैसे पडतात.

तो तिथे कसा आला, हे समजायला इतिहास संशोधक लागत नाही. पूर्वी इथल्या कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात तीन गोष्टी हमखास असायच्या: लक्ष्मीची तसबीर, लोखंडी तिजोरी आणि टाइपरायटर. तसबिरीला रोज हार पडायचा, तिजोरीला दिवाळीत एकदा हळदीकुंकू, आणि टाइपरायटरला बाकीचं सगळं. सूतवाल्या व्यापाऱ्याचा तगादा, त्यावरचं उत्तर, बँकेचं पत्र, जकात, विक्रीकर, कामगार खात्याची माहिती, बाहेरच्या गिऱ्हाईकाचं इंग्रजी. टायपिस्ट बहुधा अर्धवेळ असायचा. एकाच संध्याकाळी दोन कारखान्यांची पत्रं उरकायचा, आणि कधीकधी एका मालकाचा तगादा दुसऱ्या मालकाला त्यानेच टाइप करून, उत्तरही त्यानेच टाइप केलेलं असायचं. मागांच्या धडधडीत ओळ संपत आल्याची घंटी काही ऐकू यायची नाही. त्यामुळे जुन्या पत्रांत उजव्या कडेला अक्षरांची दाटी झालेली दिसते. मग संगणक आला. टाइपरायटर माळ्यावर गेला, मालकांचा मुलगा मालक झाला, एका दिवाळीला माळा साफ झाला.

जुने टाइपरायटर शोधायला ज्या भंगाराच्या गुदामात माझं येणंजाणं आहे तिथल्या मामूंचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांचीच तशी अट आहे. नाव छापून आलं की लोक भाव विचारायला येतात, माल न्यायला नाही, असा त्यांचा अनुभव. मामूंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

“किलोवर नेता का नगावर?”

दिसायला साधा प्रश्न. किलोवर म्हणजे लोखंड. ऑफिसचा टाइपरायटर पंधरा किलोच्या आसपास भरतो, तक्ते टाइप करायच्या लांब कॅरेजचा असला तर जास्तच. काट्यावर ठेवला, गुणाकार झाला, व्यवहार मिटला. नगावर म्हणजे मात्र त्याच लोखंडाला इतिहास फुटतो आणि इतिहासाला काटा नाही. “ब्रिटिशांच्या टायमाचा हाय ओ सर,” मामू म्हणतात. मी यंत्र उलटं करून गोदरेजची पाटी दाखवतो. गोदरेजचा पहिला टाइपरायटर १९५५ साली आला, तोवर इंग्रजांना जाऊन आठ वर्षं झाली होती. “आठ वर्षं इकडंतिकडं,” मामू म्हणतात, “सोलापुरातून जरा उशिरा गेले असतील.” हे तर अगदीच उलटं. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर तीन-चार दिवस इंग्रजांना न जुमानता चाललं होतं, आणि त्यासाठी गावाने मार्शल लॉ आणि चार फाशा सोसल्या. पण हे मामूंना सांगून भाव उतरत नाही. उलट “मग बघा, किती जुनं गाव हाय” असं म्हणून ते शंभर रुपये चढवतात.

त्या गोदरेजची कथा मामूंच्या ब्रिटिशांपेक्षा चांगली आहे. १९५५ च्या आवडी काँग्रेसमध्ये हे देशी यंत्र मांडलं गेलं आणि नेहरूंना त्यात स्वतंत्र, औद्योगिक भारताचं प्रतीक दिसलं. कौतुक करण्यासारखंच होतं ते. दीड-दोन हजार सुटे भाग, त्यातला एक केसभर सरकला तर अक्षर ओळीच्या वर उडी मारतं. तोवर आपल्याकडे रेमिंग्टनचं राज्य होतं. पुढे मद्रासची हल्दा आली, फॅसिट आली. गोदरेजचं उत्पादन अखेरीस आपल्या शिरवळला, साताऱ्याच्या वाटेवर, होत होतं आणि तिथेच ते २००९ साली थांबलं. नव्वदीच्या सुरुवातीला वर्षाला पन्नासेक हजार यंत्रं खपायची, शेवटी दहा-बारा हजारांवर आली. २०११ च्या एप्रिलमध्ये ही बातमी एकदम जगभर पसरली. जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना बंद, म्हणून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत हळहळ झाली. ‘शेवटचा’ हे काही पूर्ण खरं नव्हतं, दुसरीकडे थोडीफार यंत्रं निघतच होती. पण हळहळ एकदा सुटली की तपशिलासाठी थांबत नाही. शिरवळला त्या वेळी काही शे यंत्रं शिल्लक होती, त्यातली बरीचशी अरबी. हळहळणाऱ्यांपैकी निम्म्यांनी एकेक नेली असती तर कारखाना पुन्हा सुरू करावा लागला असता. सगळे नगावर हळहळत होते आणि एकही नग हलला नाही.

मामूंच्या ढिगात मला सगळ्यात आवडणारा भाग टाइपरायटरचा नाहीच. शेजारी जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पडलेली असतात, भोकं पाडलेली, दोऱ्याने एकमेकांना शिवलेली. सोलापुरी चादरीवरचा मोर या भोकांतून येतो. जिथे भोक आहे तिथला धागा उचलायचा, नाही तिथला खाली ठेवायचा. फ्रान्सच्या जकार्डने ही युक्ती १८०४ च्या सुमारास मागावर बसवली. पुढे अमेरिकेत हॉलेरिथने १८९० च्या जनगणनेत माणसं मोजायला भोकाचीच कार्डं वापरली. त्याची कंपनी दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ साली तिचं नाव आयबीएम झालं. तिथून संगणक, आणि संगणकाने टाइपरायटरची नोकरी घालवली. म्हणजे इथल्या चादरीच्या आजोबांनी ज्याला जन्माला घातलं त्याच्या वंशजाने ऑफिसातल्या बिचाऱ्याला हाकललं. आता तो वंशजही, जाडजूड मॉनिटरसकट, त्याच ढिगात येऊन पडलाय आणि त्याला मामू फुकटातही घ्यायला तयार नाहीत. “काच हाय, कोण नेणार?” आणि आजोबा? ते अजून शेजारच्या शेडमध्ये दोन पाळ्यांत कामाला आहेत.

यंत्र घरी आणलं की पहिला प्रश्न आमच्या घरातून येतो. “अहो, हे कशाला आता?” या प्रश्नाला उत्तर नसतं आणि अपेक्षितही नसतं. मी अंगणात वर्तमानपत्र पसरतो, जुना टूथब्रश आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन बसतो. घाण काढायला पूर्वी रॉकेल असायचं, आता रेशनलाही दिसत नाही, म्हणून स्कूटरमधून थोडं पेट्रोल. एमआयडीसीतला टाइपरायटर उघडला की आतून चादर निघते. पंचवीस-तीस वर्षांचे सुताचे तंतू कळांच्या मुळाशी बसून घट्ट झालेले असतात, आणि त्यांच्या रंगावरून यंत्र कुठल्या कारखान्यातलं ते सांगता येतं. पांढरे असले तर टॉवेलवाला. गुलाबी-हिरवे असले तर चादरवाला. एकदा झगझगीत जरीचे तुकडे निघाले, तेव्हा मालकांनी मधल्या काळात साड्यांचा जोडधंदा केला होता हे कळलं. त्यांच्या नातवालाही ते माहीत नव्हतं.

सोलापूरचा उन्हाळा टाइपरायटरला मानवत नाही. रिबीन सुकते, तो प्रश्न किरकोळ, शाईच्या नव्या रिबिनी अजून मिळतात. खरा त्रास रोलरचा. रबर वाळून दगड झालं की अक्षर कागदावर उमटायच्या ऐवजी कागद फाडतं. गोल अक्षरांची तर सरळ गोल चकती निघून खाली पडते. अशा यंत्रावर एक लाख रुपये आकड्यांत लिहिले तर पाच खिडक्या तयार होतात. तात्पुरता उपाय म्हणजे मागे आणखी एक कागद लावणं. कायमचा उपाय रोलरला नवं रबर चढवणं, आणि तो जाणणारा कारागीर गावात सापडला तर त्याच्याशी भांडण करायचं नाही, भाव त्याने सांगावा तो द्यायचा. असे मेकॅनिक आता साठी-सत्तरीचे आहेत. यंत्राला हात न लावता, नुसती कॅरेज सरकवल्याचा आवाज ऐकून ते “पट्टा सैल आहे” असं सांगतात आणि बरोबर निघतं.

इंग्रजी यंत्राची घडण एकदा कळली की कळली. १८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने शोल्सचा टाइपरायटर बाजारात आणला. ती मूळ बंदुका बनवणारी. तेव्हापासून कळांची मांडणी फारशी हललेली नाही. ‘टाइपरायटर’ हा इंग्रजी शब्द वरच्या एकाच ओळीतल्या कळांवर लिहिता येतो. मराठी यंत्राची गोष्ट निराळी. १९६४ चा राजभाषा कायदा झाला, सरकारचं कामकाज मराठीत यायला लागलं आणि कचेऱ्यांतून मराठी यंत्रांची मागणी वाढली. पण अक्षरं इतकी, जोडाक्षरं त्याहून जास्त, आणि कळा मोजक्या. तेव्हा बऱ्याच अक्षरांचं अर्धं रूप तेवढं कळेवर घेतलं आणि पूर्ण करायला पुढे काना मारायचा. ‘ध’ हवा? आधी अर्धा ध, मग काना. ‘भ’ हवा? तेच. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधीच मारायची. ‘किलो’ लिहिताना बोट आधी वेलांटीवर जातं आणि क मागून येतो. ज्यांनी दोन-दोन वर्षं ही कसरत केली त्यांच्या बोटांतून ती जात नाही. म्हणून आजही संगणकावर मराठी टाइप करताना पर्यायांत ‘रेमिंग्टन’ असं लिहिलेलं दिसतं. यंत्र कधीच भंगारात गेलं, त्याच्या सवयीची सरकारी नोकरी मात्र चालू आहे.

सरकारी टाइपरायटर वेगळाच ओळखू येतो. त्याच्या कुशीवर पांढऱ्या रंगात जडवस्तू नोंदवहीचा क्रमांक असतो, कधी दोन-तीन क्रमांक एकावर एक. कारण तो एका कचेरीतून दुसरीत बदलून गेलेला असतो. त्याच्या खोलीतली माणसं निवृत्त झाली, तो झाला नाही. त्याला निवृत्त करायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो, समिती लागते, आणि यंत्र खरोखरच निकामी आहे असा दाखला लागतो. हा प्रस्ताव बऱ्याचदा त्याच यंत्रावर टाइप झालेला असणार, असा मला दाट संशय आहे. मग लिलाव, ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर. माझ्या मते जगातल्या बहुतेक सगळ्या गोष्टी याच तत्त्वावर विकल्या जातात, सरकार ते लिहून देतं एवढंच.

ढिगातली शेवटची मोठी भर टायपिंग इन्स्टिट्यूटांची. आमच्या पिढीला दहावीच्या निकालानंतर घरातून दोनच वाक्यं ऐकू यायची: किती पडले, आणि टायपिंग लाव. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीची तीस नाहीतर इंग्रजीची चाळीस शब्दांची गती लागायची, आणि ती परीक्षा परिषदेच्या प्रमाणपत्राने सिद्ध करावी लागायची. एका खोलीत पंधरा-वीस यंत्रं, भिंतीवर घड्याळ, सरांच्या हातात पट्टी, आणि ‘ए-एस-डी-एफ’चा अखंड पाऊस. गावातली निम्मी लग्नं या खोल्यांत जमली आणि उरलेल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका तिथेच टाइप झाल्या, असं म्हणायला हरकत नाही. २०१७ साली टाइपरायटरवरची ती परीक्षा कायमची बंद झाली, पुढे सगळं संगणकावर. इन्स्टिट्यूटवाल्यांनी संगणक घेतले आणि यंत्रं एकगठ्ठा मामूंकडे धाडली. त्या दिवसांत मामू किलोवरच बोलत होते. नगावर बोलायला त्यांना उसंत नव्हती.

तर मिळवणं हे असं. लोखंडाच्या ढिगातून यंत्र उपसता येतं. त्यानंतर त्याला घर शोधायचं, आणि तिथे माझ्या लक्षात आलं की मी दुकानदार नसून वधू-वर सूचक मंडळ चालवतोय. येणारी माणसं घ्यायला येत नाहीत, बघायला येतात. चहा होतो. “छान आहे हो” म्हणतात. एखादी कळ दाबून बघतात. मग “घरी विचारून सांगतो” म्हणून जातात, आणि कळवत नाहीत.

पुण्याहून एक तरुण आला होता, कॅफे काढणारा. मी घासूनपुसून चकचकीत केलेलं यंत्र पाहून त्याचा चेहरा पडला. “काका, गंज काढलात?” मी अभिमानाने हो म्हणालो. “अरेरे,” तो म्हणाला. त्याला गंजासकट हवं होतं. भिंतीवर स्क्रूने ठोकायचं होतं, वर दिवा सोडायचा होता. मी म्हटलं, भिंतीवर ठोकायचं असेल तर मामूंकडून किलोवर घेऊन जा, गंज फुकट मिळेल. तो मामूंकडे गेला. मामूंनी त्याला तो नगावर विकला, माझ्या भावाच्या दुप्पट.

लग्नाआधीचे फोटो काढणारी मंडळी घर देत नाहीत, तासाने नेतात. तलावाच्या काठी यंत्र ठेवायचं, नवरी टाइप करतेय, नवरदेव मागून वाकून बघतोय. हे दृश्य पाहून कुठल्याही टायपिस्टला हसू येईल, कारण मागून कोणी वाकून बघितलं की हमखास चूक होते. एकदा यंत्र परत आलं तेव्हा रोलरमध्ये कागद तसाच होता. पहिल्या ओळीत तिचं नाव, दुसऱ्या ओळीत त्याचं, तिसऱ्या ओळीत ‘बॅकस्पेस कुठाय’. बॅकस्पेस आहे. पण टाइपरायटरची बॅकस्पेस फक्त मागे नेते, पुसत काही नाही. ही माहिती त्या दोघांना लग्नाआधी मिळाली हे बरंच झालं.

एक निवृत्त हेडक्लार्क आले. ते बघायला आले नव्हते, तपासायला आले होते. चष्मा काढला, डोळे मिटले, बोटं कळांवर ठेवली आणि पाऊण पान एका दमात उतरवलं, एकही खाडाखोड नाही. “शिफ्ट जड आहे,” म्हणाले. आनंदाने चेहरा फुलला होता. मी म्हटलं, न्या. त्यांनी घरी फोन लावला. फोनमधून आलेला आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला: “पस्तीस वर्षं कचेरीत खडखड केलीत ती बास झाली.” तेव्हापासून ते रोज चारच्या सुमाराला आमच्याकडे येतात आणि तासभर टाइप करून जातात. चहा आमचा, कागद त्यांचा. काय टाइप करतात हे मी विचारत नाही, पण एकदा डोकावलो तर तो महापालिकेला नळाच्या पाण्याबद्दलचा अर्ज होता, विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं सगळं यथासांग. यंत्राला घर मिळालं नाही, पण आमच्या घराला एक गृहस्थ मिळाले. “यांना आता नगावर धरायचं का?” असं आमच्या घरातून एकदा हळूच विचारलं गेलं.

चांगली स्थळं नसतातच असं नाही. एक गोदरेज ज्या कारखान्यातून भंगारात आली तिथून तीन फाटकं पलीकडच्या कारखान्यात नांदतेय. तिथल्या मालकांनी तिला सरळ कामाला लावलं. गठ्ठ्यांवर लावायच्या चिठ्ठ्या, डिझाइन नंबर, रंग, नगसंख्या. प्रिंटरमध्ये सूत जाऊन तो सारखा अडतो, हिला सुताची सवय आहे. बदल्यात त्यांनी मला डबल चादर दिली. पैशात ती बरोबर किती झाली हे मी काढलेलं नाही, पण थंडीत तरी मीच फायद्यात आहे.

कन्नड यंत्राचं स्थळ असंच अवचित जुळलं. ते विजापूरकडच्या मालाबरोबर मामूंकडे आलं होतं. मामूंनी तर ते तेलुगू म्हणून दाखवलं, आणि नीलम नगरातल्या तेलुगू विणकर मित्राने नजर टाकताच “आमचं नव्हे बे हे” म्हणून निकाल दिला. कन्नडसाठी कळांची मांडणी के. अनंत सुब्बराव यांनी बसवली. मराठीपेक्षा सोपं काम असेल असं मला वाटायचं, पण कळांवरची ती वेलबुट्टी पाहून मत बदललं. अक्कलकोट तालुक्यात कन्नड शाळा आहेत. तिथल्या एका गुरुजींना ते हवं होतं, मुलांना दाखवायला आणि स्वतःला वाजवायला. मी एसटीने घेऊन निघालो. कंडक्टरने पोत्याकडे बघून विचारलं, “काय आहे?” मी म्हटलं, मशीन. “शिलाईचं?” लिहायचं. त्यांनी जरा विचार केला आणि लगेजचं तिकीट फाडलं, किलोवर. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या एका आजींनी सबंध वाटभर त्या पोत्यावर हात टेकला होता. आत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, पण उतरताना पोत्याला नमस्कार केला.

बाहेरच्या जगात या यंत्रांचं नशीब काही वेगळं नाही, फक्त चलन वेगळं. अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी गहाणवट्याच्या दुकानातून पन्नास डॉलरला घेतलेली ओलिवेट्टी कित्येक वर्षं वापरली. २००९ साली ती लिलावात निघाली आणि अडीच लाख डॉलरच्या वर गेली. त्यांना लिहायला तर हवीच होती, म्हणून मित्राने तशीच दुसरी शोधून दिली, अकरा डॉलरची. पाठवणावळ जवळपास वीस डॉलर पडली. म्हणजे तिथेही शेवटी वजनाचेच पैसे जास्त. अभिनेते टॉम हँक्स यांच्याकडे या यंत्रांचा मोठा संग्रह होता, आता ते त्यातली यंत्रं दुरुस्तीच्या दुकानांना भेट म्हणून धाडतात. त्यांच्याही घरी कोणीतरी “हे कशाला आता?” म्हणालं असेल, असं मी आमच्या घरी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

पण घर कसं मिळावं याचा नमुना मुंबईचाच. चंद्रकांत भिडे यांना जायचं होतं जे. जे. कला महाविद्यालयात. परिस्थितीने नेलं टायपिंगला, आणि तिथून युनियन बँकेत. मग त्यांनी टाइपरायटरवरच चित्रं काढायला घेतली. अक्षरं आणि चिन्हं एकावर एक ठोकून गणपती, मग नामवंतांचे चेहरे, आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅनही. नोकरी सोडताना बँकेने त्यांचं यंत्र त्यांना एका रुपयात दिलं. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. “एक रुपया किलो?” नाही, नगाला. “मग बँकेनं फुकट का नाही दिलं?” फुकट दिलं तर नोंदवहीतून नाव कसं कमी करणार, असं मी म्हटलं. हा मुद्दा त्यांना पटला. हिशोबाच्या बाबतीत मामू आणि बँक एकाच मताचे आहेत.

सध्या मात्र मी अडकलोय ते ‘ळ’पाशी. एक मराठी यंत्र आलं होतं, बाकी ठणठणीत, पण खिळ्यावरचा ळ तुटलेला. त्याच खिळ्यावरचं जोडीचं अक्षर मजेत, हा तेवढा गेलेला. ळ नसलेलं मराठी यंत्र कोणाला द्यायचं? त्यावर केळं लिहिता येत नाही, डाळ नाही, वेळ नाही. शेवटी बँकेत बदली होऊन आलेले एक उत्तरेकडचे साहेब भेटले. त्यांना हिंदीत कविता टाइप करायच्या होत्या. हिंदीला ळ लागत नाही. दोन्ही बाजू खूश, मी तर फारच. इतकं चोख स्थळ मी आजवर जमवलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात साहेबांचा फोन. त्यांची मुलगी इथल्या शाळेत मराठी शिकतेय, तिला यंत्रावर ‘माझी शाळा’ निबंध टाइप करायचाय. ‘माझी’ झालं, पुढे अडलंय. मी मामूंकडे धावलो. ढिगात एक मराठी यंत्र होतंच, कॅरेज मोडलेलं, पण ळ शाबूत.

“तेवढा ळ काढून द्या,” मी म्हटलं.

“एकटा ळ सुटत नाही ओ सर. अख्खं मशीन न्यावं लागंल.”

नेलं. मेकॅनिक म्हणतात, खिळा बदलतो, कॅरेजही बसवून देतो. म्हणजे साहेबांचं यंत्र पुरं होणार, आणि माझ्याकडे पुन्हा एक चालतं, बिनळाचं यंत्र उरणार. बँकेत आणखी कोणी तिकडून बदलून आलंय का, ते विचारून ठेवलंय.